तिसरी रेघ

आमचे बाबा कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. एका जागी बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवतानाही दोनदा उठायचे. आई म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी आहे."

अणूबद्दल मी पहिल्यांदा त्यांच्याकडूनच ऐकलं. इलेक्ट्रॉन ठरलेल्या कक्षांतच फिरतो, अधेमधे थांबायची त्याला मुभा नाही. वरच्या कक्षेतून खालच्या कक्षेत उडी मारली की नेमक्या तेवढ्याच मापाचा प्रकाश सोडतो. हायड्रोजनच्या पेटलेल्या नळीचा प्रकाश बारीक रेघांच्या काचेतून फोडून दुर्बिणीतून पाहिला की या उड्या रंगीत रेघा होऊन दिसतात: तांबडी, निळसर हिरवी, जांभळी. "अणूचं हे चित्र आता जुनं झालंय, पण रेघा खोटं बोलत नाहीत," असं बाबा ऐटीत सांगायचे.

खोटं बाबाच बोलत होते. नळी म्हातारी झाली होती आणि जांभळी रेघ दोन वर्षांपासून दिसतच नव्हती. नवी नळी मागून मागून ते थकले. मुलं नापास होऊ नयेत म्हणून परीक्षेत पाठीमागून जाता जाता ती रेघ ज्या कोनात दिसायला हवी तो कोन पुटपुटायचे, "चौदा अंश, एक्कावन्न मिनिटं." मुलं मुकाट्याने लिहायची.

मी त्याच कॉलेजात शिकत होते. माझ्या परीक्षेतही ते पुटपुटले. डोळा ताणून ताणून पाहिलं, जांभळ्या रेघेच्या जागी नुसता अंधार. मला संताप आला, नळीचा आणि त्यांचाही. मी लिहिलं, 'दिसली नाही.'

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी वही उचलली. "अकरा जणांना दिसली, तुलाच बरी दिसली नाही? नीट पाहिलंच नसशील. नापास करावं लागेल."

बाबा वायरी गुंडाळत येरझाऱ्या घालत होते. निवृत्तीला चार महिने उरले होते. त्यांनी बोलावं असं मला वाटत होतं, आणि बोलू नये असंही.

"साहेब, कुणालाच दिसलेली नाही," ते म्हणाले. "आकडा मीच सांगतो. दोन वर्षं सांगतोय."

परीक्षकांनी चष्मा काढला. "हे लेखी द्याल?"

"देतो."

"ही मुलगी तुमची कोण?"

"त्याचा इथे काय संबंध?" असं म्हणून बाबांनी लिहिलं आणि सही केली.

इतक्या अर्जांनी न मिळालेली नवी नळी त्या एका कागदाने आठवड्यात आली. सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. नळी जोडायला दुसराच माणूस होता, कारण बाबांना कॉलेजच्या फाटकातून आत यायची मनाई झाली होती.