अर्जात लिहिलेली सुईण

लग्न होऊन मी समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावात आले, तेव्हा गावात मॅट्रिक झालेली मी एकटीच सून होते. सासरे सरपंच होते. सरकारी कागद आला की ते बैठकीतून हाक मारायचे आणि मी दाराआडून वाचून दाखवायचे. पुढे गावात महिला मंडळ निघालं, तेव्हा चिटणीस मलाच केलं. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती.

गावात दवाखाना नव्हता. बाळंतपणं एक सुईण करायची. बौद्ध वस्तीत राहणारी, साठीला आलेली, उंच, कमी बोलणारी बाई. आमच्या घरातलं प्रत्येक मूल तिच्या हातावर जन्मलं होतं, माझा मोठा मुलगासुद्धा. तरी काम आटोपलं की ती मागच्या अंगणात बसायची आणि तिचा चहा कोनाड्यातल्या वेगळ्या कपातून जायचा. तो कप मीही कित्येकदा काढून दिला आहे.

माझ्या जावेचं दुसरं बाळंतपण कापूस वेचणीच्या दिवसांत आलं. भर दुपार, घरातली माणसं सगळी शेतात. घरी सासूबाई, मी आणि सुईण. मूल बाहेर आलं, रडलं. सुईण सासूबाईंना म्हणाली, "आत्याबाई, दुकानातून नवं ब्लेड बलावा. आन पानी उकळू द्या."

सासूबाई म्हणाल्या, "आता कोन जाईन दुकानात? याच विळ्यानं माह्या चार लेकराईची नाळ कापली. काई झालं का त्याईले?"

सुईणीनं पुन्हा एकदा सांगितलं. सासूबाईंनी मान फिरवली. दुकान चार घरं सोडून होतं. मी जाऊ शकले असते. पण सुनेनं न विचारता उंबरा ओलांडायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि मी विचारलंही नाही. स्वयंपाकघरातला विळा पदरानं पुसून मी तिच्या हातात दिला.

सातव्या दिवशी बाळानं दूध ओढणं सोडलं. जबडा आवळला, अंग कमानीसारखं ताणलं. बैलगाडीनं समुद्रपूरला नेलं, पण तिथून ते परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, धनुर्वात.

त्यानंतर वर्षाच्या आत मामाजी, म्हणजे माझे सासरे, वर्ध्याहून एक छापील फॉर्म घेऊन आले. तिथला एक धर्मादाय ट्रस्ट खेड्यांना आरोग्याच्या कामासाठी अनुदान देत होता. आठवड्यातून तीन दिवस नर्स, औषधांची पेटी, बायकांना आणि लेकरांना इंजेक्शनं. अर्ज महिला मंडळाच्या नावानं करायचा होता. मी सुंदर अक्षरात लिहिला: गाव दूर आहे, पावसाळ्यात नाला आडवा येतो, एसटी थांबत नाही. महिन्यानं अर्ज परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गरज उदाहरणासह स्पष्ट करा.'

उदाहरण माझ्या घरातच होतं. मी लिहिलं, 'येथील सर्व प्रसूती एका अशिक्षित व अस्वच्छ सुईणीच्या हाती आहेत. गतवर्षी तिने गंजलेल्या विळ्याने नाळ कापल्याने एक नवजात बालक दगावले.' विळा कोणाचा, तो कोणी दिला, ब्लेड कोणी मागितलं होतं, यातलं काहीच लिहिलं नाही. खोटं लिहितेय असं मला तेव्हा वाटलं नाही. अर्ज आता जोरदार झाला, एवढंच वाटलं. मामाजींनाही आवडला.

अनुदान मंजूर झालं. ट्रस्टचे सचिव स्वतः गावात येणार म्हणून शाळेच्या पडवीत सभा ठेवली. मी वस्तीत जाऊन सुईणीला सांगून आले, "माय, तू पन येजो. बाळंतपनाचीच गोष्ट आहे, तुलेही शिकवतीन ते." ती धुतलेलं लुगडं नेसून आली आणि वस्तीतल्या बायकांसोबत पडवीच्या टोकाला बसली.

सचिव निवृत्त हेडमास्तर होते, सज्जन माणूस. माझं कौतुक करायला म्हणून त्यांनी खिशातून अर्ज काढला. "इतका नेमका अर्ज आमच्याकडे क्वचितच येतो," असं म्हणून तो पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. त्या दोन ओळी आल्या तेव्हा बायकांच्या माना पडवीच्या टोकाकडे वळल्या. सुईण समोर पाहत बसून राहिली. टाळ्या वाजल्या. मी खाली मान घालून सचिवांना घालायच्या हाराची दोरी सोडवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दारी आली.

"बाई, त्या कागदाची नक्कल आहे का तुमच्यापाशी?"

"आहे."

"वाचून दाखवा."

मी कार्बनची प्रत आणली आणि वाचली. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर म्हणाली, "विळा कोनाचा होता?"

"आमचा."

"माह्या हातात कोनं देल्ला?"

"मी."

"मंग ते काऊन नाई लिहिलं?"

मी म्हणाले, "माय, तसं लिहिलं असतं तं आत्याबाईचं नाव आलं असतं."

"आन माहं आलं तं चाललं."

"तुहं नाव नाई लिहिलं मी."

"गावात सुईनी कितीक आहेत, बाई?"

एवढं बोलून ती निघाली. चहाचं मी म्हणालेच नाही. कोणत्या कपात द्यायचा, हे त्या दिवशी मला कळेना.

त्यानंतर तिनं गावात एकही बाळंतपण केलं नाही. बोलवायला गेलेल्यांना ती शांतपणे सांगायची, "आता नर्सबाई आहे ना." नर्स चांगली होती, मनापासून काम करायची. पण ती तीनच दिवस यायची, आणि पोटातलं मूल वार पाहून येत नाही. त्या पावसाळ्यात एक बाई नाल्याच्या अलीकडे बैलगाडीतच बाळंत झाली. दोघं वाचली. ती बातमी ऐकली त्याच रात्री मी कागद घेऊन बसले.

मी ट्रस्टला दुसरं पत्र लिहिलं. त्यात सगळं खरं लिहिलं, आमच्या घराचं, विळ्याचं, माझं. अनुदान बंद झालं तर होऊ दे, अशा तयारीनं ते समुद्रपूरला जाऊन स्वतः टपालपेटीत टाकलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. 'आपले पत्र पावले. अनुदान मंजूर झालेले असल्याने मूळ अर्जात बदल करण्याचे कारण उरत नाही.'

ते उत्तर घेऊन मी सुईणीकडे गेले. ती दारात तूर निवडत होती. मी माझं पत्र वाचून दाखवलं, त्यांचं उत्तर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हे तुमचं आन त्याईचं झालं. माहं वाचलं ते चार लोकाईत वाचलं. सांगाचं असन तं चार लोकाईत सांगा."

मी घरी मामाजींपाशी विषय काढला. ते चिडले नाहीत. "नर्स यिऊन राह्यली, लेकरं वाचून राह्यले. घरची गोष्ट सभेत नेऊन आता कोनाचं भलं होते?" ते म्हणाले. लेकरं वाचत होती, हे खरंच होतं. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून गावात पुन्हा धनुर्वातानं मूल गेलं नाही. रात्रंदिवस मी तेवढंच धरून बसायचे.

जावेला मात्र मी टाळत होते. एकदा विहिरीवर तीच म्हणाली, "मी तं तिथंच पडून होती ना. सारं आयकू येत होतं मले." तिनं घागर उचलली. "तुमी लिहाले बसल्या तवा वाटलं होतं, आता कोनी तरी खरं लिहीन."

वर्षानं ट्रस्टची पुन्हा सभा झाली. चिटणीस म्हणून मी बोलायला उभी राहिले. काय सांगायचं ते पाठ केलं होतं. समोर सासूबाई बसल्या होत्या, बाजूला मामाजी, मागे सगळं गाव. सुईणही आली होती. मी कामाचा अहवाल वाचला, आभार मानले आणि खाली बसले. मान वर केली तेव्हा ती उठून चालू लागली होती.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुलगावला मुलाकडे राहायला गेली. मुलगा तिथल्या कापड गिरणीत होता. चार-पाच वर्षांनी माहेरच्या लग्नासाठी मी पुलगावला गेले, तेव्हा विचारत विचारत तिची खोली शोधली. ती खाटेवर बसली होती. डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला. माझ्या मुलाचं विचारलं, जावेचं विचारलं, कोणाची पोर कुठं दिली ते विचारलं. सासूबाई त्याच वर्षी गेल्या होत्या. ते सांगितल्यावर "चांगल्या होत्या" एवढंच म्हणाली.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सभेत सांगतलं का मंग?"

"नाई माय."

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. सुनेनं फळीवरून सगळ्यांचे असतात त्यातलाच एक कप काढला आणि माझ्यापुढे ठेवला.