सातव्या पुस्तकावरची सही

लिफ्ट अडकली की आतली माणसं तीन तऱ्हेची असतात. काही दार बडवतात, काही फोनवरून लिफ्ट कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात आणि काही गप्प बसून घाम पुसतात. आठ वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला चौथ्या तऱ्हेचा माणूस डिसेंबरच्या शेवटी भेटला. पाचव्या आणि सहाव्या मजल्याच्या मध्ये पाऊण तास अडकलेला एक म्हातारा खाली फरशीवर बसून जाडजूड पुस्तक वाचत होता. मेकॅनिकने दार फाकवून हात पुढे केला, तर म्हातारा म्हणाला, "दोन मिनिटं थांबता का? एवढं प्रकरण संपवतो."

"आजोबा, इथे लोकांची पाचावर धारण बसते!"

"माझीही बसली होती. पहिली दहा मिनिटं. मग म्हटलं, दिवा तर चालू आहे."

हे मेकॅनिकच्या डोक्यातून जाईना. त्याने स्वतः शेवटपर्यंत वाचलेली पुस्तकं म्हणजे मोटारींची आणि वायरिंगची. त्यांना शेवट नसतोच. शेवटी सुट्या भागांची यादी असते. दोन दिवसांनी तो सार्वजनिक वाचनालयात गेला आणि ग्रंथपालबाईंना म्हणाला, "जगाने वाचलेली, जुनी, मोठी अशी बारा पुस्तकं सांगा. वर्षात संपवायची आहेत."

बाईंनी त्याच्या ग्रीस लागलेल्या नखांकडे पाहिलं, पण यादी दिली. त्याने सगळ्या पुस्तकांची पानं कॅल्क्युलेटरवर मिळवली. सहा हजार नऊशे पस्तीस. भागिले तीनशे पासष्ट, बरोबर एकोणीस. बाकी शून्य. त्याला वाटलं, हा शुभशकुनच.

त्याच आनंदात तो ताईकडे गेला. ताई त्याच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा ती नववीत होती. वर्गात पहिली यायची. शाळा सोडून ती शिलाई मशीनवर बसली, ती तिथेच राहिली. त्याचं तांत्रिक शिक्षण त्या मशीनच्या कमाईवर झालं. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, म्हणून ते त्याला जास्त बोचायचं. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान, मागच्या खोलीत संसार. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, डेपोजवळ खोली घेऊन राहायचा आणि दर रविवारी सकाळी तिच्याकडे यायचा.

त्याचा बेत ऐकून ताईने मशीन थांबवलं. "बारा? तू? तुला लग्नपत्रिका वाचायची म्हटलं तरी झोप येते."

"बघच तू."

"मग मलाही सांग. दिवसभर सुईत दोरा ओवून माझ्या डोळ्यांना अक्षरं नको वाटतात. तू वाचायचं, रविवारी मला गोष्ट सांगायची. पण शेवटपर्यंत सांगायची हं. अर्धवट सोडायचं नाही. मी एकदा सोडलंय अर्धवट, पुरे झालं."

ती हसत म्हणाली. त्याने लगेच एका पुठ्ठ्यावर तक्ता आखला. बारा ओळी. पुस्तक संपलं की तारीख आणि सही. लिफ्टच्या मशीन रूममध्ये तपासणीचं कार्ड लटकवलेलं असतं, अगदी तसा. तो तक्ता ताईने मशीनच्या वर, कात्र्यांच्या खिळ्याला टांगला.

कार्डावरच्या सहीचं त्याला फार मोल वाटायचं. त्याला धंदा शिकवणाऱ्या उस्तादांचा एकच नियम होता: ज्याने सही केली त्याने आधी एकट्याने त्या लिफ्टमधून वरपासून खालपर्यंत जायचं, मगच लोकांना आत सोडायचं. नवीन पोरं कंटाळली की उस्ताद विचारायचे, "काय रे, पाट्या टाकल्यास ना? मग बस आत. मी वरून बटण दाबतो." पोराचा चेहरा पडला की उस्तादांना उत्तर मिळायचं.

पहिले सहा महिने झकास गेले. ताई ऐकताना मशीन चालू ठेवायची. गोष्ट रंगात आली की टीप सावकाश पडायची, मारामारी आली की मशीन धडधडायचं. पुस्तकांना ती स्वतःची नावं द्यायची. एक 'रडवं', एक 'घोड्यांचं', आणि एक नुसतंच 'तो नालायक'. बटणं न्यायला आलेली शेजारची काकू एकदा बसली आणि मग दर रविवारी मुक्काम ठोकू लागली. कामावर ही बातमी पोहोचली आणि त्याचं नाव 'प्रोफेसर' पडलं. त्याला ते आवडायचं. तो नाही म्हणायचा, पण आवडायचं.

सातवं पुस्तक आठशे बारा पानांचं होतं. नदीवर नाव चालवणारे दोघे भाऊ. पुराच्या दिवशी थोरल्याच्या हातून दोराची गाठ सैल राहते, नाव जाते, माल जातो. आळ धाकट्यावर येतो आणि थोरला गप्प बसतो. धाकटा गाव सोडून नदीपलीकडे राहायला जातो. इथवर पानं झाली तीनशे नव्वद, आणि नेमकं तेव्हाच एका इस्पितळाच्या सहा लिफ्टचं काम अंगावर आलं. तीन आठवडे एक पान झालं नाही. दोन रविवार त्याने "पुढच्या वेळी" म्हणून काढले. तिसऱ्या रविवारी काकू म्हणाली, "अहो, त्या थोरल्याने माझी झोप उडवलीय. आज तरी सांगा, गेला का तो भावाकडे?"

ताईने मशीन थांबवलं होतं. नेहमी चालू असायचं ते मशीन बंद होतं, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

"गेला," तो म्हणाला.

एकदा तोंडातून निघाल्यावर पुढचं आपोआप आलं. थोरला म्हातारा झालाय. हातात तोच जुना दोर घेऊन तो नदी ओलांडतो, भावाचं दार वाजवतो आणि म्हणतो, गाठ माझी होती. धाकटा दार उघडतो, दोराकडे बघतो आणि म्हणतो, आत ये, जेवण निवतंय.

काकूने डोळे टिपले.  ताईने तक्ता काढून त्याच्यापुढे धरला आणि पेन दिलं. त्याने सही केली.  चांगली ठसठशीत सही आली. तेच त्याला नंतर खात राहिलं.

आठव्या पुस्तकाची त्याने पन्नास पानं वाचली, नवव्याचं फक्त मलपृष्ठ, आणि दोन्हींपुढे सही केली. थाप मारणं वाचण्यापेक्षा सोपं होतं आणि कौतुक तेवढंच मिळत होतं. पण आता मशीन रूममध्ये कार्डावर सही करताना त्याचं पेन अडायचं. तो ब्रेक दोनदा तपासायचा, दोर तीनदा बघायचा. उस्ताद म्हणाले, "प्रोफेसर, तब्येत बरी आहे ना? हल्ली फार प्रामाणिक झालायस." ते गमतीने म्हणाले, पण त्याचे कान तापले.

ऑक्टोबरमधल्या एका बुधवारी ताईचा फोन आला. कामाच्या वेळी ती कधी फोन करायची नाही.

"या रविवारी गोष्ट नको," ती म्हणाली. "मी कात्रीकडे जाणार आहे."

तो मशीन रूमच्या पायरीवर बसला. कात्री म्हणजे ताईची जोडीदारीण. दोघींनी मिळून दुकान काढलं होतं. ती कापायची, ही शिवायची. सगळे त्यांना सुई-कात्री म्हणायचे. नऊ वर्षांपूर्वी एका हॉटेलचे बावीस गणवेश बाह्यांना दोन-दोन बोटं आखूड निघाले आणि जोडी फुटली. कात्री चार गल्ल्या सोडून राहायची. तेव्हापासून दोघी रस्त्यात भेटल्या तर त्यांतली एक रस्ता ओलांडायची.

"ती तर चूक कबूलच करत नव्हती ना?" त्याने विचारलं.

 ताई म्हणाली, "चूक तिची नव्हती. माप मीच चुकीचं लिहिलं होतं. ती जीव तोडून सांगत होती, वहीत होतं तेच कापलं म्हणून. मी वही दाखवलीच नाही. रात्रीतून ते पान फाडलं. सगळीकडे झालं, कात्रीचा हात बिघडला. तिला कुणी काम देईना. नऊ वर्षं मी हे कुणाला बोलले नाही रे. पण त्या थोरल्याने दार वाजवलं ना, तेव्हापासून मला चैन नाही. म्हटलं, एवढ्या जुन्या, जगाने वाचलेल्या पुस्तकात लिहिलंय, म्हणजे कुणीतरी विचार करूनच लिहिलं असणार."

 विचार करून! दोन बटणं लावायच्या वेळात, काकूला गप्प बसवायला रचलेला शेवट तो.

फोन ठेवून त्याने अर्ज टाकला, तीन दिवसांची रजा घेतली आणि वाचनालयात जाऊन बसला. पान तीनशे एक्क्याण्णव. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "हे तुम्ही ऑगस्टमध्येच परत केलं होतं ना? संपवून?" तो नुसती मान हलवून वाचू लागला. शनिवारी संध्याकाळी, वाचनालय बंद व्हायच्या बेताला, तो शेवटच्या पानावर आला.

खऱ्या पुस्तकातही थोरला नदी ओलांडतो. दार वाजवतो. बंद दारासमोर उभा राहून सगळं कबूल करतो. आत दिवा असतो, पावलांचा आवाज येतो. दार उघडत नाही. थोरला परत नावेत बसतो आणि पुस्तक संपतं.

रविवारी तो पोहोचला तेव्हा ताई तयार होती. इस्त्रीचे कपडे, केस नीट बांधलेले. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"तू कशाला आलास? आज गोष्ट नाही म्हटलं होतं."

"ताई, बस जरा."

"उशीर होईल."

"बस ना."

ती बसली. त्याने सांगून टाकलं. उभ्या उभ्या, तक्त्याकडे बघत, तिच्याकडे न बघता. इस्पितळाच्या लिफ्टचं कारण तो सांगायला गेला आणि मध्येच थांबला, कारण ते त्यालाच लाजिरवाणं वाटलं.

"म्हणजे तो आत ये म्हणत नाही?"

"नाही."

"जेवण निवतंय, ते?"

"ते मी घातलं."

"आणि आठवं?"

"पन्नास पानं."

"नववं?"

"फक्त मलपृष्ठ."

"काकू रडली होती रे," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरं झालं असतं. "मी शिवताना तेच घोळवत बसायचे. गिऱ्हाइकांना सांगितलं. मला वाटायचं, शाळा सुटली ती सुटली, पण निदान हे तरी मी पुरं करतेय. तू मला पाट्या टाकून दिल्यास."

 तिने खिळ्यावरून तक्ता काढला, टाके उसवायचं ब्लेड घेतलं आणि त्याच्या हातात दिलं. शिकाऊ मुलींसाठी तिचा नियम होता, जिने चुकीची टीप मारली तिनेच उसवायची. तो खाली बसला आणि पुठ्ठ्यावरच्या तीन सह्या खरवडू लागला. शाई खोल गेली होती. पुठ्ठ्याचे पापुद्रे निघाले, पण सातवी सही तरीही वाचता येतच होती.

 मग ताईने विचारलं, "पण तो गेला होता ना? हे तरी खरं?"

"गेला होता."

"आणि बोलला?"

"सगळं बोलला."

ती उठली आणि कागदातलं पुडकं उचललं.

"मी येतो," तो म्हणाला. "माझ्या सहीवर तू एकटी जाऊ नको."

ताईने त्याच्याकडे बघितलं. "ये. पण लांब उभा राहा. तोंड उघडलंस तर बघ."

चार गल्ल्या दोघं चालत गेले. कात्रीचं घर तळमजल्यावर होतं, दाराचा हिरवा रंग उडालेला. तो समोरच्या फुटपाथवर एका बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबला. ताईने बेल वाजवली.  त्याने मनात म्हटलं, उघडू दे. मग वाटलं, आपल्याला असं म्हणायचा तरी काय हक्क आहे?

दार उघडलं. कात्री जाड चष्म्यातून बघत राहिली. ताई बोलू लागली. त्याला ऐकू येत नव्हतं, तिचे हात तेवढे दिसत होते. तिने कागद उलगडला. आत वही होती. तिने वही उघडून फाटक्या कडेवर बोट ठेवलं. कात्रीने ते बोट बघितलं, वही बघितली. मग ती काहीतरी एकच वाक्य बोलली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. हळूच लावलं.

ताई रस्ता ओलांडून आली. तिच्या हातात वही नव्हती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला त्याच दिवशी माहीत होतं. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं." ताईने नाक पुसलं. "वही ठेवून घेतली तिने."

"मग पुढे?"

"पुढे काय? पुढे तुझ्यासारखं मला रचता येत नाही."

 परत येताना ती त्याच्या अर्धं पाऊल पुढे चालत होती.

घरी आल्यावर त्याने पिशवीतून सातवं पुस्तक काढलं. वाचनालयातून तो ते घेऊनच आला होता. "पुढच्या रविवारपासून मी नीट सांगतो," तो म्हणाला. "तीनशे एक्क्याण्णवपासून."

"सांगू नको," ताई म्हणाली. "वाच. आणि आत्ता."

ती नेहमीप्रमाणे मशीनवर बसली नाही. तिने चष्मा लावला, खुर्ची ओढून त्याच्या खांद्याशी आणली आणि ओळीखाली बोट धरलं. तो मोठ्याने वाचू लागला. प्रत्येक शब्दावरून तिचं बोट सरकत होतं, तपासत होतं. एका ठिकाणी त्याने घाईत अर्धी ओळ गाळली. बोट तिथेच थांबलं.

तो मागे आला आणि ती ओळ त्याने पुन्हा, पूर्ण वाचली.