चौथा बोळा

इंजिनात मी कापसाचे चार बोळे कोंबले आणि तीनच काढले.

हे एका वाक्यात सांगून झालं, पण घडायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत माझी जेवढी शोभा झाली, तेवढी कॉलेजात इतकी वर्षं फिजिक्स शिकवूनही झाली नव्हती.

गाडी जुनी, पेट्रोलची. गेल्या कार्तिकात ती उभ्या जागी थरथरायला लागली आणि बॉनेटखालून बारीक शिट्टी मारायला लागली. गुडीहत्नूरला हायवेवर एक मिस्त्री आहे. त्यानं कान लावून सांगितलं, "सर, मॅनिफोल्ड का गॅस्केट गया. हवा चोरी कर रहा." म्हणजे असं, की हवा ज्या फाटे फुटलेल्या नळीतून इंजिनात शिरते, ती नळी इंजिनाला टेकते तिथं मधे एक पातळ पट्टी असते. ती फाटली की हवा आडवाटेनं घुसते. मिस्त्रीकडे गाड्यांची रांग होती, तीन दिवसांनी या म्हणाला. आणि पौर्णिमा परवावर आलेली.

आमची आई दर त्रिपुरी पौर्णिमेला बासरला गोदावरीच्या काठावर तीनशे पासष्ट वाती लावते, वर्षाच्या एकेका दिवसाची एक. वाती घरच्या कापसाच्या, त्याही पहिल्या वेचणीच्या. तोवर ती बसनं जायची, बहुतेक उभ्यानंच. त्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं, तेव्हा मीच मोठ्या तोंडानं म्हणालो होतो, "आई, यंदा गाडीनं नेतो." तर मिस्त्रीकडून मी फक्त नवं गॅस्केट घेतलं. बाकी सगळं मोबाइलवरच्या व्हिडिओत होतं. व्हिडिओतला माणूस वीस मिनिटांत मोकळा झाला होता, तेही पांढऱ्या शर्टात.

सकाळी अंगणात कामाला लागलो. बाबा समोर खाटेवर. मी एकेक बोल्ट काढून परातीत टाकत होतो.

"काऊन रे, इतके बोल्ट. कोनता कुठचा, ध्यानात राह्यतीन का?"

"फोटो काढलेत, बाबा."

"गाडी फोटोवर चालते का?"

मागचा एक बोल्ट दिसतच नव्हता. बोटांनी चाचपत, पाव पाव फेरा फिरवत त्याला काढायला तास गेला आणि दोन बोटांची सालं गेली. शेवटी मॅनिफोल्ड सुटलं. व्हिडिओत म्हटलं होतं, इंजिनाची उघडी तोंडं स्वच्छ कापडानं बंद करा, म्हणजे आत काही पडणार नाही. कापड मागायला आत गेलो असतो तर "कशाले?" आलं असतं. ओसरीवर आईची टोपली होती, पांढऱ्याशुभ्र कापसानं भरलेली. कापसाच्या घरात वाढलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडेच जातो. चार बोळे केले, चार तोंडांत ठासले. कापसात सरकी तशीच होती, हे पाहिलंही नाही.

मग जुनं गॅस्केट खरवडणं. ते असं चिकटलेलं, की जणू लोखंडातूनच उगवलंय. आईचं उलथणं आणलं, ते वाकलं. दुपार झाली. बाबा एक झोप काढून उठले.

"अजून तेच खरवडून राह्यला का?"

हो, तेच.

अखेर नवं गॅस्केट बसवायची वेळ आली. घाईघाईनं बोळे काढले, आणि चोरी दिसू नये म्हणून टोपलीच्या तळाशी सरकवले. मोजले नाहीत. पोरांनी उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापणाऱ्या माणसानं चारपर्यंत मोजलं नाही.

गाडी सुरू केली. शिट्टी गेली होती. पण इंजिन असं लंगडत होतं, की बॉनेटवर ठेवलेला पाना नाचत नाचत खाली पडला.

"शिट्टी बंद झाली," बाबा म्हणाले. "आता खोकून राह्यली."

मी प्लग बदलले. वायरी काढून पुन्हा लावल्या. पेट्रोलमध्ये भेसळ असणार असं जाहीर केलं. परातीत एक बोल्ट उरला होता, तो विहिरीवरच्या पंपाचा असावा असं मी मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी आई उरलेल्या वाती वळायला बसली. टोपलीच्या तळातून एक काळा बोळा निघाला. मग दुसरा. मग तिसरा. तिनं तिन्ही समोर ओळीनं मांडले.

"हे काय होय?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "इंजिनाला चार तोंडं असतात, आई. त्यात कचरा जाऊ नये म्हणून मी चार..." आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

"इथं तं तीन हायेत," आई म्हणाली.

बाबांनी मान वळवून गाडीकडे पाहिलं. मला पाहवेना.

पौर्णिमेच्या पहाटे आई गावातल्या बायांबरोबर फाट्यावर गेली. मी मागोमाग. "दुपारपर्यंत होते गाडी, थांब," म्हणालो. तिनं वातींची पिशवी खांद्याला लावली, गुडघ्यावर हात दाबला आणि आलेल्या बसमध्ये चढली. खिडकीतून दिसलं, उभीच होती.

मग मिस्त्रीला फोनवर अक्षरशः विनवलं, तेव्हा तो मोटारसायकलवर आला. येताना दुसरं गॅस्केट खिशात घेऊनच आला होता, हे मला जरा लागलं. जे उघडायला मला अर्धा दिवस लागला, ते त्यानं पाऊण तासात उघडलं. बोळा ओढला जाऊन आत व्हॉल्व्हपाशी अडकला होता, आणि सरकी चेंगरून व्हॉल्व्ह मिटतच नव्हता. त्यानं चिमट्यानं एकेक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"सर, आप कॉलेज में क्या पढ़ाते?"

"फिजिक्स."

त्यानं परातीतला उरलेला बोल्ट उचलून त्याच्या जागी बसवला.

दिवेलागणीला मी बासरला पोचलो. गाडी वाटेत एकदाही खोकली नाही. काठावर गर्दी होती. आई शेवटच्या पायरीवर पाय लांब करून बसली होती, पुढ्यात वातींची जुडी जळत होती. मी तिच्या शेजारी बसलो. म्हणालो, "आई, गाडी झाली. मस्त चालते आता. चल, नेतो घरी."

तिनं वातीवरची नजर काढली नाही.

"आमी बाया धर्मशाळेत राह्यतो, सकाळच्या बशीनं येतो," ती म्हणाली. "तू आताच निंग, म्हंजे सकाळपर्यंत पोचशीन."