न धुतलेला चिखल

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी वाहन चालवायला शिकलो आणि अनुभवाची वाट न पाहता लगेच एक जुनी जीप घेतली. दर रविवारी आमचा जीपवाल्यांचा गट खारघरच्या पलीकडच्या डोंगरांत, जिथे रस्ता नाही तिथेच, गाड्या नेई. गटाचा धर्म एकच: चिखल धुवायचा नाही. चिखल जितका जुना, तितका मालकाचा मान मोठा. चारचौघांत तोंड उघडायला लाजणाऱ्या मला ही सोय फार भावली. माझ्या वतीने चिखलच बोलत असे. पाच महिने मी तो अंगाऱ्यासारखा जपला.

एका शनिवारी, सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत, जीपच्या मागच्या चाकापाशी ओल दिसली. मी सोसायटीतल्या भटक्या कुत्र्याला दोष देऊन मोकळा झालो. मग बोनेट उघडले, तर ब्रेक ऑइलही कमी झालेले. वरून थोडे ओतले आणि कोणाला सांगितले नाही. कारण दुसऱ्या दिवशी उतारावर पहिली गाडी माझी ठरली होती आणि पत्नी प्रथमच शेजारी बसणार होती.

रविवारी उताराच्या तोंडाशी मी पेडल दाबले. ते निमूटपणे तळाला गेले. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. मागे अकरा गाड्या.

"काय झालं?" पत्नीने विचारले.

"देखावा पाहतोय."

"मग हँडब्रेक दोन्ही हातांनी कशाला धरलाय?"

मागून हाक आली, "सर, उतरताय की भटजी बोलावू?"

पत्नीने विश्वासाने पट्टा घट्ट केला. ते मात्र मला पाहवेना. खिडकीतून डोके काढून मी ओरडलो, "माझे ब्रेक गेले आहेत!" इतक्या मोठ्याने मी स्वतःच्या लग्नात उखाणाही घेतला नव्हता.

आमचे म्होरके खाडीकाठच्या गावचे. चार इमारतींचे मालक, पण गाडीखाली शिरण्यात त्यांना खरा आनंद. चाकांना दगड लावून ते जीपखाली शिरले, पान्याने चिखल खरवडला आणि ब्रेकच्या नळीवर बोट टेकवले. बोट ओले झाले.

"सर, चिकलानं ओल धरलीय, पाईप गंजून फुटलाय. खालून धुवत नाय का?"

"धुवायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"बोनेटवरचा वो! खालचा कोन बघतो?"

अकरा गाड्यांतून हशा उसळला. म्होरके हात पुसत म्हणाले, "वहिनी, आलाच हाय तं माझ्या गाडीत बसा."

ती माझ्याकडे न पाहताच उतरली.

मी जीपपाशी दगडांची राखण करत बसलो. खालून तिच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या आणि मधूनमधून, अगदी स्पष्ट, "आणखी एकदा!"