एकादशीचा दलिया

सन २०२३. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. डॉक्टरांनी पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली आणि विचारलं, "कुछ लगा?" मी म्हटलं, "चुभाया कब?" ते म्हणाले, डायबेटिक फूट. म्हणजे साखरेच्या आजारानं पाय बधिर होतो, जखम कळत नाही आणि भरतही नाही. त्याच दिवशी भरती केलं.

माझी शाळा चौथीपर्यंत. इकडे उत्तरेतल्या आमच्या शहरात, लक्ष्मी गेटाजवळ, शिलाई मशीन दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला. कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

वॉर्डात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी होती, वंदना, जवळच्या गरौठा गावची. माझ्या पायाची जखम बांधली की पट्टी पुन्हा तपासायची. इन्सुलिन भरलं की सुई उजेडाकडे धरायची, सिस्टरला दाखवायची, मग परत स्वतः बघायची. मी टोमणा मारायचो, "बिटिया, इतनी देर में तो मैं मशीन खोलके जोड़ दूँ."

"जोड़ने के बाद पेंच तो नहीं बचते, दादाजी?" ती म्हणायची.

पाचव्या दिवशी एकादशी आली. हा उपास आईनं लावलेला, कधी मोडला नाही. सूनबाईनं बजावलं होतं, इस्पितळात करायचा नाही. मी हो म्हटलं होतं.

सकाळी दलिया, म्हणजे गव्हाची लापशी, आला, वंदनानं इन्सुलिन दिलं. तिची पाठ फिरली तसा दलिया खिडकीच्या गजातून माकडाला चारला. ती परत आली. "खा लिया, दादाजी?" मी म्हटलं, "खा लिया." तिनं तसं कागदावर लिहिलं.

तासाभरात दरदरून घाम फुटला. शब्द सापडेनात. तिनंच ओळखलं. बोटातून रक्त काढलं तर साखर पन्नासच्या खाली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा काढलं, आणि सिस्टरकडे धावली. शिरेतून ग्लुकोज दिलं तेव्हा मी माणसात आलो. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात, साखर एकदम खाली जाणं. माणूस यात जातोसुद्धा.

दुपारी ती आली, डोळे लाल. त्यांच्या ट्यूटर मॅडमनी तिला विचारलं होतं, "खाते हुए देखा था?" पण हिच्या मनात त्याहून वाईट बसलं होतं.

"दवा मैंने ही ज़्यादा भर ली होगी, दादाजी. दो महीने बाद नौकरी करनी है, अकेले. मुझसे नहीं होगा. कल पिताजी से कह दूँगी, आके ले जाओ."

खरं माझ्या जिभेवर होतं. पण म्हातारपणी खोटारडा ठरायचं कसं? मी भिंतीकडे तोंड फिरवलं. सडलेल्या पायाची मला लाज वाटली नव्हती, त्या दुपारची अजून वाटते. तुमच्यावर ही वेळ आली तर उपास लपवू नका. इन्सुलिन टोचलं की खायलाच लागतं. आपली चोरी या पोरींच्या माथी बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टर, मॅडम, सिस्टर आले. वंदना सगळ्यांच्या मागे, मान खाली. मी उठून बसलो आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोललो, "डॉक्टर साहब, कल मेरी एकादशी थी. दलिया बंदर को खिलाया, लड़की से झूठ बोला. इसकी सुई सही थी."

वंदना पुढे आली, तिनं खिडकी लावली, दलियाची वाटी माझ्या हातात दिली आणि कागद घेऊन समोर उभी राहिली. मी खाल्लं, शेवटच्या चमच्यापर्यंत. मग तिनं लिहिलं.