शेवंतीमावशीची मांदेली आणि सत्तर डिग्री

कोळशेतच्या शेवंतीमावशीला वारा पाठीवर कळतो. सकाळी ओट्यावर खाडीकडे पाठ करून उभी राहील, पदर सारखा करील आणि सांगेल, "आज दोन पारापर्यंत होल." म्हणजे मांदेलीची बारीक मासळी दुपारपर्यंत सुकेल. चाळीस वर्षं तिचं हेच चाललंय. ओली मांदेली आणायची, मीठ चोळायचं, चटईवर पसरून तासातासाला परतायची आणि आगोटीला, म्हणजे पावसाळा लागायच्या आधी, वर्तकनगरातल्या ठरलेल्या घरांत नेऊन पोचवायची. पावसाचे चार महिने त्या घरांचं कालवण तिच्या भरवशावर.

यंदा मात्र चटई पसरायला जागा राहिली नाही. देवळामागच्या मोकळ्या प्लॉटला बिल्डरचे पत्रे लागले. घरावरच्या स्लॅबवर सुकवावी तर बाजूच्या टॉवरची सिमेंटची धूळ, वरून कावळे. सिमेंट लागलेली मांदेली मी कोणाच्या ताटात घालणार नाय, असं म्हणून मावशीने टोपली खुंटीला अडकवून टाकली.

टोपली खुंटीला लागल्याचं वर्तकनगरच्या ठरलेल्या घरांतल्या एका वैशालीने घरी सांगितलं. तिचा मुलगा प्रेम इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्याची प्रोजेक्टची पार्टनर नौपाड्याची ऋजुता. दोघांनी फाइलवर 'शाश्वत विकास' एवढं ठळक लिहून ठेवलेलं, पण विकास कोणाचा करायचा ते काही ठरत नव्हतं. ते असं ठरलं.

एप्रिलात टेम्पोतून मावशीच्या स्लॅबवर एक पेटी आली. पत्र्याची, आतून काळी, वर तिरकी काच, आत चार जाळ्या.

"किती तापतं?" मावशीने विचारलं.

"सत्तर डिग्री," ऋजुता म्हणाली. ताठ उभी राहून म्हणाली.

"काय सुकवून बघितलंस?"

"मेथी. कैरीच्या फोडीपण. एकदम कुरकुरीत झालेल्या."

"आन मासली?"

ऋजुताने प्रेमकडे बघितलं. "मावशी, पेटी आमच्या गच्चीवर होती. आई म्हणाली, मासे वर गेले तर मी खाली उतरते."

म्हणून तर ऋजुताने पेटीच्या दाराभोवती फ्रिजसारखं रबर लावलं होतं. वास बाहेर जायला नको, शेजारीपाजारी कोणाची तक्रार नको. मावशीने रबर बोटाने दाबून बघितलं. जाळ्या भरून दिल्या.

दुपारी दार उघडलं तर वाफ अंगावर आली. मावशीने एक मांदेली तोंडात टाकली, चघळली.

"झाक झालीय. कोकम घाला, भात टाका, जेवाला बसा."

प्रेम हसला. ऋजुता हसली नाही. परीक्षा नऊ दिवसांवर होती.

"सुकवली नाय गो बाय, शिजवलीस," मावशी म्हणाली.

"फेल होणार आपण," ऋजुता प्रेमला म्हणाली.

"तू फेल झालीस तर पुढच्या साली परत बसशील. माझी आगोट गेली तर ती घरं दुसरीकडून घेतील, मंग मना कोन हाक मारनार?" असं म्हणत मावशीने कोयतीने ते रबर सोलून काढलं. "मासलीला ऊन थोडं आन वारा भरपूर लागतं. तू वास कोंडलास, त्याच्यासंगं पानी पन कोंडलंस."

मग पेटीला खाली भोकं पडली, वर धुराड्यासारखी नळी चढली, माश्या शिरू नयेत म्हणून जाळी आली. एका मोडक्या कॉम्प्युटरचा पंखा छोट्या सोलर पॅनलवर फिरायला लागला. सत्तरचे पंचेचाळीस झाले. मावशी नळीला पाठ लावून उभी राहायची आणि "आजून कमी हाय" म्हणायची. प्रेम भोकं वाढवायचा.

तिसऱ्या खेपेला तिने एक मांदेली उचलून ऋजुताच्या कानाशी नेली आणि मोडली. कट्.

ऋजुता वही काढायला लागली.

"लिवू नको. ऐक."

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, सुकली हे कशावरून ठरवलंत? ऋजुताने वजनाचे आकडे दाखवले. सरांचं समाधान दिसेना, तेव्हा तिने सरळ एक मांदेली त्यांच्या कानाशी नेऊन मोडली. सर दचकले, मग दुसरी मागून घेतली आणि स्वतः मोडून बघितली.

पास झाले दोघं. पण पेटी अडकली. प्रत्येक प्रोजेक्ट विभागात जमा करायचं, असा नियम. मागच्या व्हरांड्यात आधीच्या पोरांची खताची पिंपं आणि सायकलवर चालणारं वॉशिंग मशीन धूळ खात पडलेलं. विभागप्रमुख सुधीर सर मनाने वाईट नव्हते, पण म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." पेटी त्या रांगेत जाऊन बसली. आगोट तीन आठवड्यांवर.

प्रेमने मावशीला फोन लावला. "मावशी, पेटी देत नाहीयेत."

मावशी म्हणाली, "आतली मांदेली काढलीव काय?"

"नाही. जाळ्यांवरच आहे."

"पंखा फिरतंय?"

"पॅनल उन्हात आहे, म्हणजे फिरणारच."

"मंग राहू दे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला कॅन्टीनच्या तिन्ही मांजरी व्हरांड्यात येऊन बसल्या होत्या. स्टाफरूमच्या खिडक्या बंद झालेल्या. बाराला सुधीर सरांचा प्रेमला फोन आला.

"ते तुमचं यंत्र एखाद्या गरजू व्यक्तीकडे फील्ड टेस्टिंगला देता येईल का?"

"सर, पण नियम..."

"फील्ड टेस्टिंगचा वेगळा नियम आहे. टेम्पो आजच बोलवा."

पेटी पुन्हा स्लॅबवर आली. मावशीने टोपली खुंटीवरून उतरवली, झटकली. मेअखेरीला वर्तकनगरात तिची हाक गेली, जरा उशिरा, पण गेली.

ऋजुता अजूनही मांदेली खात नाही. शनिवारी येते, जाळ्या परतते, एक उचलून कानाशी मोडते आणि मावशीकडे बघते.

"आजून एक तास," मावशी तिकडून म्हणते. तिने तो आवाज ओट्यावरूनच ऐकलेला असतो.