पाइपच्या ट्रकामागचा हिरवा टेम्पो

वाचकहो, आरंभीच नमूद करतो की भूतखेत, अंगात येणे, भविष्य सांगणे असल्या गोष्टींना माझ्या टेबलावर कधीही थारा मिळालेला नाही. पिंपळावर भूत आहे, सबब पिंपळ तोडण्याची परवानगी मिळावी — असा अर्ज लिहून मागायला एक गृहस्थ आले होते. ‘फांद्या विजेच्या तारांना लागतात’ असे लिहून मी त्यांना परवानगी मिळवून दिली. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. परंतु नागपूरच्या कचेरीबाहेर अर्जनवीस म्हणून मी वीस वर्षे बसलो आणि ‘मजकूर अस्पष्ट’ या शेऱ्यासह माझा एकही अर्ज परत आला नाही.

ही हकिगत आणीबाणीच्या थोडी आधीची. अभियांत्रिकी महाविद्यालयातील एक प्राध्यापक माझ्याकडे अपघातांच्या अर्जांच्या नकला पाहायला आले. रस्त्याने सरळ चाललेले वाहन आपली रांग सोडून दुसऱ्या रांगेत केव्हा शिरेल, हे आधी ओळखता येते काय, असा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. त्यांचे विद्यार्थी आठवडाभर रस्त्यावर बसून अंदाज करीत होते आणि बहुतेक चुकत होते.

मी म्हणालो, “साहेब, नकला कशाला? मीच ओळखून दाखवतो.”

हे बोलणे पोकळ नव्हते. अपघाताचे अर्ज मी दोन्ही पक्षांचे लिहिले आहेत, आणि वळण्याच्या आधी तुम्ही नेमके काय केले, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला आहे. सायकलवाला वळण्याआधी पायडल थांबवतो. स्कूटरवाला कोपर अंगाशी घेतो. ट्रक वळायचा असेल तर क्लीनरचे डोके आधी दाराबाहेर येते. टेम्पोवाल्याचा खांदा आधी झुकतो, मग चाक फिरते. लक्षणाशिवाय कोणीच वळत नाही.

वाडीला, अमरावती रोडवरच्या एका गोदामाच्या गच्चीवर मला खुर्ची, छत्री आणि रजिस्टर देण्यात आले. शहराकडून येणारी वाहने शेजारच्या गोदामाच्या लांब पत्र्याच्या भिंतीआडून निघत आणि मगच आम्हाला दिसत. मला खूण पटली की मी नोंद करायची, प्राध्यापकांनी घड्याळ पाहून शेजारी वेळ टाकून सही करायची, आणि मग वाहन खरोखर वळते काय ते पाहायचे. अर्जात नेहमी घडून गेलेलेच लिहावे लागते, त्यामुळे हात त्याच वळणाचा. पुढे घडायचे तेही मी ‘सदर सायकलस्वाराने उजवी बाजू घेतली’ असेच लिहीत होतो. प्राध्यापक पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांचे हसणे थांबले. चुकलेल्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितले, “यांच्यापासून शिका.” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले.

तिसऱ्या दिवशी दुपारी भिंतीआडून लोखंडी पाइप लादलेला एक ट्रक निघाला. संथ, सरळ. मी लिहिले — ‘पाइपच्या ट्रकामागील हिरव्या टेम्पोने उजवी बाजू घेतली.’ प्राध्यापकांनी वेळ टाकली आणि मान वर केली.

“मुन्शीजी, टेम्पो कुठे आहे?”

मी पाहिले. ट्रकामागे रस्ता रिकामा होता. खोडावे म्हणून मी पेन उचलला, तोच भिंतीआडून हिरवा टेम्पो निघाला. चालकाकडे मी डोळे फाडून पाहिले. खांदा सरळ, मान सरळ, हात आत. तो पाइपच्या ट्रकाला गाठेपर्यंत तसाच आला आणि एकाएकी उजवीकडे गेला. मागून येणाऱ्या प्रवासी बसने करकचून ब्रेक मारले. आतील एका उतारूचे दात पडले. त्यानंतर — वाचकहो, त्यानंतर — ट्रकाचा दोर तुटला आणि सगळे पाइप घसरून मागे रस्त्यावर आले. टेम्पो सरळ गेला असता तर ते चालकाच्या छातीत शिरले असते.

चार दिवसांनी एक तरुण माझ्या टेबलाशी आला. त्याचा परवाना जप्त झाला होता. हात न दाखवता, मुद्दाम पुढे जाण्यासाठी बससमोर घुसला, असा आरोप होता. नाव सुखदेव, इतवारीतून भांडी वाहणारा. मी गच्चीवर होतो हे त्याला माहीत नव्हते.

“काहून वळला गा तू? दोर तुटतानी दिसला का?”

“नाही, मुन्शीजी. काहीच नाही दिसलं. पहिले हात फिरले, मंग मले समजलं का हात फिरले.” मग म्हणाला, “हे लिहाल तर साहेब मले येडा म्हणन. पन गाडी गेली तर घरी चूल नाही पेटत.”

मी त्याचा अर्ज लिहिला आणि साक्षीलाही उभा राहतो म्हणालो. सुनावणीच्या आदल्या दिवशी प्राध्यापकांनी मला गाठले. “तुम्ही चालकाचा खांदा पाहिला, एवढेच सांगा. माझा अहवाल लक्षणांवर उभा आहे.” अडचण अशी की खांदा झुकला म्हटले तर सुखदेव मुद्दाम वळला असे ठरणार, नाही म्हटले तर माझी कीर्ती जाणार. नागपुरात माझ्याएवढी नजर दुसऱ्याची नाही, असे तोवर सीताबर्डीतही बोलले जात होते.

परवाना अधिकाऱ्यांसमोर मी रजिस्टर ठेवले आणि म्हणालो, “साहेब, खांदा झुकला नाही. मी लिहिले तेव्हा टेम्पो मला दिसतही नव्हता.”

मागे कोणीतरी म्हणाले, “मुन्शीजी आता भिंतीतूनबी पाहून राहिले.” खोली हसली. मी हसणे संपेपर्यंत उभा राहिलो. मग सांगितले की तीन दिवसांत लक्षणाशिवाय वळलेला हा एकच चालक. ज्याच्या मनात वळण्याचे असते त्याचे अंग ते आधी बोलते, आणि याचे अंग बोलले नाही.

अधिकाऱ्यांनी नोंद, वेळ आणि प्राध्यापकांची सही दोनदा पाहिली. संशयाचा फायदा देऊन परवाना परत करण्यात आला. बाहेर सुखदेव माझ्या पाया पडू लागला. मी पडू दिले नाही.

प्राध्यापकांचा अहवाल छापला गेला. त्यात माझे आभार आहेत, ती एक नोंद मात्र गाळलेली आहे. मला त्याचा राग नाही. रजिस्टरातल्या बाकी प्रत्येक ओळीचे कारण मी आजही सांगू शकतो. त्या ओळीबद्दल विचाराल, तर अक्षर माझे आहे, एवढेच शपथेवर सांगतो.